शिक्का मारणाऱ्याला कोण तपासतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एका पतसंस्थेची दोन कॉलमी बातमी होती. फोटोत अध्यक्ष, सचिव, चार संचालक आणि मधोमध सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र. मी शिरोली एमआयडीसीत छोटं मशीनशॉप चालवतो. टूलची धार बघायला भिंग कायम खिशात असतं. ते काढून मी त्या छापील प्रमाणपत्राचा खालचा कोपरा बघत बसलो. छपाईच्या ठिपक्यांपलीकडे काही हाती लागलं नाही. बायकोनं विचारलं, "फोटोत ओळखीचं कोण आहे काय?" ओळखीचं माणूस नव्हे, मी एक शिक्का शोधत होतो. त्या शिक्क्याबद्दल हे पत्र आहे.

बातमीत लिहिलं होतं की जिनिव्हाच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं पतसंस्थेला मानांकन बहाल केलं. असं होत नाही. आयएसओ फक्त मानकं लिहिते. गुणवत्ता व्यवस्थापनाचं ९००१ हे मानक पहिल्यांदा १९८७ साली आलं, नंतर १९९४, २०००, २००८ आणि २०१५ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. आयएसओ कुणाच्या कारखान्यात येत नाही, कुणाला प्रमाणपत्र देत नाही आणि स्वतःचा लोगो कुणाच्या प्रमाणपत्रावर छापूही देत नाही. प्रमाणपत्र देतात त्या वेगळ्या संस्था असतात, बहुतेक खासगी. आणि अशी संस्था काढायला परवाना लागत नाही. उद्या मी आणि माझा मेहुणा मिळून काढली तर कुणी हरकत घेणार नाही. मेहुण्याला कल्पना आवडेलही.

म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्यांना तपासणारी दुसरी पायरी असते. आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषद आहे, १९९७ साली सरकार आणि उद्योग संघटनांनी मिळून उभी केलेली. तिच्या छत्राखाली एनएबीसीबी नावाचं मंडळ आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे ऑडिटर कोण, त्यांचं शिक्षण काय, निर्णय कोण घेतं, पैसे घेणारा आणि पास करणारा एकच तर नाही ना, हे ते मंडळ १७०२१ या मानकाप्रमाणे तपासतं. त्यांची माणसं चालू ऑडिटमध्ये मागं बसून बघतातही. इंग्लंडमध्ये हेच काम यूकेएएस करतं, जर्मनीत डाक्स. ही मंडळं एकमेकांना मानू लागली ती आयएएफ या आंतरराष्ट्रीय मंचाच्या कराराखाली. अशा मंडळानं तपासलेल्या संस्थेनं दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे अ‍ॅक्रेडिटेड. बाकीचं नॉन-अ‍ॅक्रेडिटेड. दोन्ही कागदांवर '९००१:२०१५' हे आकडे त्याच टायपात असतात.

आपल्याला हे एका वाक्यात कळेल. आपल्या वार्ताहराकडे माहिती खात्याची अधिस्वीकृती पत्रिका असते, आणि कुणाच्याही मोटारसायकलवर 'प्रेस' असं स्टिकर असतं.

आता माझी गोष्ट. मी स्टिकरवाल्यांपैकी होतो.

२०१८ मध्ये आमच्याकडे चौदा माणसं होती. फौंड्रीकडून कास्टिंग यायचं, आम्ही ते मशीनिंग करून द्यायचो, मुख्यतः पंपाचे बेअरिंग हाऊसिंग, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ते बिडाचं घर. शेजारच्या गाळ्यावर 'आयएसओ सर्टिफाइड' असा फ्लेक्स लागला आणि मलाही वाटलं, आपल्याही दारात असावा. फोनवरचा मुलगा फार गोड बोलायचा. "सर, ऑडिटचं टेन्शन घेऊ नका. जीएसटी नंबर, पत्ता आणि स्कोप तेवढं व्हॉट्सअ‍ॅप करा." स्कोप म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, "तुमचा धंदा काय ते एका ओळीत लिहा हो." साडेचार हजार रुपये, कुरिअरसकट. चौथ्या दिवशी प्रमाणपत्र हजर. होलोग्राम, सोनेरी किनार, दोन गोल शिक्के. पत्त्यात मात्र शिरोलीचं शिरोळ केलं होतं. शिरोळ तालुका तिकडे नृसिंहवाडीच्या बाजूला, त्याचा आमच्याशी संबंध नाही. दुरुस्तीचे पाचशे वेगळे मागितले. मी म्हटलं राहू दे, भिंतीवर लावायचं आहे, वाचतंय कोण.

त्या वर्षी खंडेनवमीला लेथ, ड्रिल आणि व्हीएमसीबरोबर त्या फ्रेमलाही हळदकुंकू लावलं.

वाचणारा २०२१ मध्ये आला. इथल्याच एका निर्यात करणाऱ्या फौंड्रीला जर्मन गिऱ्हाईकासाठी हाऊसिंग मशीनिंग करून घ्यायचे होते. महिन्याला चारशे नग, माझ्यासाठी मोठं काम. त्यांचा इंजिनिअर शॉप बघायला आला, पंचविशीतला पोरगा. मशीन बघितली, स्वच्छता बघितली, मान हलवली. मग फ्रेमपाशी थांबला. प्रमाणपत्राचा नंबर मोबाइलवर टाकला. आयएएफची सर्टसर्च म्हणून एक यादी आहे, तिच्यात शोधलं. मग एनएबीसीबीच्या वेबसाइटवर बघितलं. "काका, अ‍ॅक्रेडिटेशन कुणाचं आहे?" मी दुसऱ्या गोल शिक्क्यावर बोट ठेवलं. त्यानं त्या बोर्डाचा पत्ता शोधला, मग प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शोधला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. तीच इमारत, तोच मजला, तोच गाळा. "काका, हे दोघं एकाच टेबलावर बसतात."

तो पोरगा उद्धट बोलला नाही, उलट त्याला माझी कीव आली असावी. तो जाताना जे म्हणाला ते मी आजही विसरलो नाही: "प्रमाणपत्र नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. सहा महिन्यांची मुदत देऊन सुरुवात केली असती. पण हे दाखवलंत, आता तुमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवरही माझे साहेब विश्वास ठेवणार नाहीत." काम गोकुळ शिरगावच्या एका शॉपला गेलं. त्यांच्याकडे तेव्हा कुठलंच प्रमाणपत्र नव्हतं.

म्हणजे साडेचार हजारांच्या कागदानं मला कोऱ्या भिंतीपेक्षाही मागं टाकलं.

पुढच्या वर्षी नीट करायचं ठरवलं. आता आम्ही बावीस झालो होतो. तीन संस्थांकडून कोटेशन मागवली: ४२ हजार, ३८ हजार आणि १८ हजार. माझा हात आपोआप अठराकडे गेला, सवय जात नाही. सांगलीचे एक निवृत्त क्वालिटी मॅनेजर ओळखीचे आहेत, ते म्हणाले, "आकडा बघू नका, दिवस मोजा." किती माणसांच्या कारखान्याला पहिल्या ऑडिटला किती दिवस द्यायचे याचा आयएएफचा तक्ता आहे. सोळा ते पंचवीस माणसांना तीन दिवस. कामाचं स्वरूप बघून थोडेफार कमीजास्त होतात, पण तीनाचा एक होत नाही. अठरावाल्यानं एकच दिवस लिहिला होता. शिवाय 'कागदपत्रं तयार करून देणे समाविष्ट' असंही. जो शिकवतो त्यानंच परीक्षा घ्यायची नाही, हा १७०२१ मधला अगदी मुळाक्षरांसारखा नियम आहे. ते कोटेशन तिथंच बाद झालं.

अडतीसवाल्यांना फोन केला आणि मुद्दाम विचारलं, "मॅन्युअल तुम्हीच करून द्याल का?" "नाही. आम्ही तपासायला येणार, शिकवायला नाही." फोन ठेवला आणि त्यांनाच काम दिलं. एनएबीसीबीच्या यादीत त्यांचं नाव होतं, आमचं धातूकामाचं क्षेत्रही त्यांच्या मान्यतेत होतं. हे दुसरं बघायला लोक विसरतात. एखादी संस्था एका क्षेत्रासाठी मान्यताप्राप्त असते आणि दुसऱ्यासाठी नसते. जिथं मान्यता नाही तिथं ती मान्यतेच्या चिन्हाशिवायही प्रमाणपत्र देऊ शकते, आणि मोठ्या नावाच्या संस्थाही देतात. म्हणून संस्थेचं नाव पुरत नाही, हातातल्या कागदावर मंडळाचं चिन्ह आहे का ते बघावं लागतं.

ऑडिटला पुण्याहून एक बाई आल्या, वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. आधी एकदा येऊन अर्धा दिवस कागद बघून गेल्या, नंतर अडीच दिवस मुक्काम. पहिला दिवस मला वाटलं, हे काही अवघड नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या जुन्या लेथपाशी उभ्या राहिल्या. लेथवर अण्णा असतात, तीस वर्षांचे टर्नर, सगळा शॉप त्यांना अण्णाच म्हणतो. बाईंनी विचारलं, "हा बोअर कशानं तपासता?" अण्णांनी ड्रॉवरमधून प्लग गेज काढून दिला. एका टोकाला गो, लाल पट्ट्याच्या टोकाला नो-गो. बाईंनी तो फिरवून फिरवून बघितला.

"याच्यावर नंबर नाही."

"त्याला नंबर कशाला? तो घरचाच हाय," अण्णा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडून कॅलिब्रेशनची, म्हणजे मापं बरोबर आहेत का ते तपासून घेतलेल्या साधनांची यादी मागितली. यादीत अकरा गेज. "हा बारावा आहे," एवढंच म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

आपल्या वाचकांसाठी थोडं फोडून सांगतो, कारण सगळं प्रकरण या एका गेजमध्ये आहे. त्या हाऊसिंगमध्ये ६२०६ नंबरचं बेअरिंग बसतं. त्याचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर. बोअर म्हणजे ते बसायचं भोक, ते ६२.००० ते ६२.०३० यांच्यात हवं. गो टोक आत जायला पाहिजे, म्हणजे बोअर लहान नाही. नो-गो आत जाता कामा नये, म्हणजे बोअर मोठा नाही. दिवसातून पन्नास वेळा बिडाच्या बोअरमध्ये घालून घालून गो टोक झिजतं. झिजलं की ते लहान बोअरमध्येही सुखानं जातं आणि खराब माल पास होतो. आमचा बारावा गेज एनएबीएलची (प्रयोगशाळा तपासणारं मंडळ) मान्यता असलेल्या लॅबला पाठवला तर गो टोक ६१.९९० भरलं. दहा मायक्रॉन. केसाच्या जाडीचा काही भाग.

आणि मग मला दोन वर्षांचं कोडं सुटलं. एका पंपवाल्याची तक्रार सारखी यायची की बेअरिंग ठोकून बसवावं लागतंय, पंप चालला की गरम होतंय. आम्ही फौंड्रीला दोष द्यायचो, ते आम्हाला. अण्णांचा सिद्धांत होता की थंडीत लोखंड आखडतं. एकदा १२० नग परत आले होते. नशीब एवढंच की बोअर लहान होते, पुन्हा मारता आले. मोठे झाले असते तर सगळे भंगारात. तरी टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं गेलं आणि चार दिवस मशीन त्यातच अडकलं. ती तक्रार त्या बाराव्या गेजमुळं होती.

बाईंनी एकूण तीन त्रुटी काढल्या. त्या बंद करून, नवा गेज घेऊन, फोटो आणि लॅबचे दाखले पाठवून प्रमाणपत्र हातात यायला पाच आठवडे गेले. आता दर वर्षी एक दिवसाचं ऑडिट असतं, त्याचे १५ हजार. तीन वर्षांचे मिळून ६८ हजार, जीएसटी वेगळा, पण त्याचं क्रेडिट मिळतं. म्हणजे महिन्याला एकोणीसशेच्या आत. अण्णांच्या ओव्हरटाइमपेक्षा कमी.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी अ‍ॅक्रेडिटेडची जाहिरात करतोय. तसं नाही. अ‍ॅक्रेडिटेड संस्थेचाही ऑडिटर पाट्या टाकणारा निघू शकतो. आमच्याच वसाहतीत असं प्रमाणपत्र असलेले कारखाने आहेत, ज्यांचा माल आठवड्याला परत येतो. आणि नॉन-अ‍ॅक्रेडिटेड म्हणजे बेकायदा नव्हे, दरवेळी लबाडीही नव्हे. नवीन संस्थेला मंडळाची मान्यता मिळण्याआधी काही ऑडिट करून दाखवावी लागतात, म्हणजे तिचे पहिले गिऱ्हाईक कुणीतरी होणारच. तिचा माणूस खरोखर येऊन माझ्या ड्रॉवरमध्ये हात घालणार असेल तर त्याच्याही कागदाला माझ्या लेखी किंमत आहे. फक्त ती किंमत माझ्यापुरती. निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा जर्मनीतल्या खरेदीदाराला तो माणूस ड्रॉवरपर्यंत गेला होता की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.

इचलकरंजीचा माझा मावसभाऊ यंत्रमागाचे पार्ट करतो. त्याची गिऱ्हाइकं आसपासच्या गल्लीतलीच, पार्ट हातात घेऊन वाकडातिकडा करून बघून पैसे देतात. त्यानं मला विचारलं, कुठलं घेऊ? मी म्हटलं, कुणी मागितलंय का? नाही ना? मग कुठलंच घेऊ नको. अडतीस हजारांत चांगला हाइट गेज येतो, तो घे. उद्या कुणी लेखी मागितलं तर त्या कागदात 'एनएबीसीबी' किंवा 'आयएएफ' हे शब्द आहेत का ते बघ आणि मग ये. तो जरा नाराज झाला. त्यालाही फ्लेक्स हवा होता.

आता आपल्याकडे मागणं. आपल्या राज्यात काही वर्षांपूर्वी आयएसओची लाट आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती, पोलीस ठाणी, सगळीकडे 'आयएसओ मानांकित' अशी पाटी. आमच्या गावच्या शाळेसाठी लोकवर्गणी निघाली, मीही दिली. भिंती रंगल्या, संडास नवे झाले, गुरुजींनी बाग केली. ते काम खरं होतं आणि ते बघूनच मी पैसे दिले. पण वर्गणीतून जे पैसे प्रमाणपत्रावर गेले, त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात काय होतं हे सरपंचांनी विचारलं नाही, गुरुजींनी नाही आणि मीही नाही. तेव्हा तर माझ्याच भिंतीवर शिरोळचा पत्ता होता. बातमी मात्र आपल्यासह सगळ्या पेपरांत आली.

तेव्हा यापुढे अशी बातमी आली की वार्ताहरानं एवढं विचारावं: प्रमाणपत्र कुठल्या संस्थेनं दिलं, त्यावर कुठल्या मंडळाचं चिन्ह आहे, आणि स्कोपमध्ये काय लिहिलंय. शेवटचा प्रश्न सोडू नये. पतसंस्थेच्या बावीस शाखा असतील आणि प्रमाणपत्र फक्त मुख्य कार्यालयाचं असेल, तर ठेवीदाराला ते कळायला हवं. उत्तर मिळालं तर बातमीत एक ओळ वाढेल. नाही मिळालं तर दोन कॉलम वाचतील. आणि 'आयएसओनं मानांकन दिलं' हे वाक्य आपल्या छापखान्यातून कायमचं काढून टाकावं.

छोट्या जाहिरातींच्या पानावर, 'घरबसल्या कर्ज' आणि 'वशीकरण' यांच्या मध्ये, 'तीन दिवसांत आयएसओ, ऑडिटशिवाय' अशी चौकट रविवारी असते. ती छापायची की नाही हा आपला प्रश्न. माझं तेव्हा तरी चौथ्या दिवशी आलं होतं.

पतसंस्थेच्या त्या कागदावर मंडळाचं चिन्ह असेलही. असेल तर त्यांची माफी मागायला मी स्वतः जाईन, माझं खातं तिथंच आहे. आपल्या वार्ताहराला दोन्ही प्रकार शेजारी ठेवून बघायचे असतील तर शॉपवर पाठवा. जुनं मी फाडलेलं नाही, टूल रूमच्या दारामागं लावलंय. बारावा गेजही तिथंच खिळ्याला टांगलाय, लाल रंग मारून, नंबर टाकून. नंबर अण्णांनी स्वतः घातला.

आपला नियमित वाचक,
एक मशीनशॉपवाला,
शिरोली औद्योगिक वसाहत, जि. कोल्हापूर